न पाहिलेल्या सिनेमाची स्तुती

‘सावकारी पाश’ हा भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. बाबूराव पेंटर यांनी तो १९२५ मध्ये कोल्हापुरात काढला. सावकारापायी जमीन गमावून शहरात गिरणीची वाट धरणारा शेतकरी व्ही. शांताराम यांनी साकारला. पण आज त्याची स्तुती करणाऱ्यांपैकी कोणी तो पाहिलाय? त्या मूकपटाची प्रतच उरलेली नाही. १९३६ चा त्याच नावाचा बोलपट वेगळा.

दुर्मीळ मूकपटांची ओढ इथूनच सुरू होते. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीससुद्धा उरले नाहीत. नायट्रेटची फिल्म कुजताना आम्लं तयार होतात आणि ती कुजणं आणखी वाढवतात. शिवाय चांदी काढण्यासाठी कित्येक रिळं विकली गेली. म्हणून एखादा तुकडा सापडला की संग्राहकाला सोनं सापडल्यासारखं होतं. हा आनंद खरा आहे, पण तो कलेचा निकष नव्हे.

आमच्या सावलीच्या भाषेत सांगतो. कॅमेरा ट्रॅप पायवाटेवर लावला, तर पायवाटेने जाणारीच जनावरं दिसतात. त्यावरून ‘जंगलात एवढंच आहे’ म्हणता येत नाही. उरलेले मूकपटही असाच नमुना आहे. ते उत्तम होते म्हणून उरले असं नाही. कुणीतरी डबा जपला म्हणून उरले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांचं मोठेपण मला इथं दिसतं. चांगलं-वाईट ठरवत न बसता मिळेल ते जमवावं, अशी त्यांची भूमिका होती. आपण याला निवडीचा पूर्वग्रह टाळणं म्हणतो.

आता फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बघा. सुरुवातीलाच त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्णाचा वेष न घालता एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव दाखवते, मग कृष्ण होते. ही गंमत दुर्मीळ आहे म्हणून नव्हे, तर पडद्यावर दिसते म्हणून आवडते.

संशोधनाचा आराखडा लिहिताना एवढं करा: प्रत्येक चित्रपटापुढे ‘स्वतः पाहिला’ की ‘फक्त वाचला’ ते लिहा. दुसऱ्या रकान्यातल्या चित्रपटांबद्दल ‘असं म्हटलं जातं’ याच्या पुढे जाऊ नका. गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारलेलं बरं.