विहाराचे वृत्तांत आणि चौक्याची वही

चातुर्मास संपला की आपल्या घरात एखादी तरी स्मरणिका येऊन पडते. गुळगुळीत कागद, पुढं देणगीदारांचे फोटो, मग महाराजांचं चरित्र आणि शेवटी विहाराचा वृत्तांत. बाकीची पानं कुणी फारशी उलटत नाही. मी मात्र हे वृत्तांत जमवून वाचते, कारण चालण्याबद्दल मराठीत फार चांगलं लिहिलं गेलंय आणि त्यात आपल्या भागाची भर पडायला हवी होती. चालणारी माणसं आपल्याकडं काय कमी झाली? भोजचे शांतिसागर महाराज १९२७ च्या अखेरीस कुंभोजच्या बाहुबलीहून संघ घेऊन निघाले आणि १९२८ मध्ये शिखरजीला पोचले. दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट, तीही अनवाणी. शेडबाळचे विद्यानंद महाराज, सदलग्याचे विद्यासागर महाराज, दोघांचंही आयुष्य पायी गेलं. ही तिन्ही गावं मोटारीनं एका दिवसात बघून होतात.

आणि वृत्तांतात काय असतं? तारीख, गाव, किलोमीटर, भव्य स्वागत, आणि मग ते ठरलेलं वाक्य: आहारचर्या निरंतराय संपन्न झाली. या ‘निरंतराय’ शब्दावर माझा राग आहे. शब्द चांगलाच आहे, पण त्याच्या पोटात किती कष्ट गडप झालेत ते ज्या बाईनं विहारात चौका लावलाय तिला विचारा.

महाराज उजाडल्यावर चालायला लागतात. दहाच्या सुमाराला पुढच्या मुक्कामी आहार व्हायला हवा. सूर्य उगवायच्या आधी चूल पेटवायची नाही. म्हणजे चौक्याच्या बायकांनी भांडी-शिधा टेम्पोत टाकून पुढं जायचं, कुठल्या तरी शाळेची खोली झाडून धुऊन घ्यायची, विहीर शोधायची, पाणी ओढायचं, गाळायचं, जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायची, आणि तीन तासांत सगळा स्वयंपाक. पिठाची मर्यादा थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच. महिन्याभराच्या वाटेवर दळण कुठं नि केव्हा करायचं, हा हिशेब निघायच्या आधीच मांडावा लागतो. एवढं करून ‘नमोऽस्तु, तिष्ठ तिष्ठ’ म्हणत कलश घेऊन दारात उभं राहायचं, आणि महाराजांनी मनात धरलेला विधी आपल्याकडं जुळला नाही तर ते समोरून निघून जातात. एखादा केस निघाला तर अंतराय, मग त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. उद्या तितकंच चालणं आहे हे माहीत असलेल्या बाईच्या पोटात तेव्हा काय कालवतं, ते एकाही स्मरणिकेत मला सापडलेलं नाही.

आणखी एक गंमत बघा. चौक्याची बाई टेम्पोतून पुढं जाते, म्हणून तिची गणती चालणाऱ्यांत होत नाही. ‘विहारात सहभागी श्रावक’ अशी यादी असते तीत दोन दिवस हौसेनं चालून आलेल्या तरुणांची नावं असतात. बायकांना मिळून एक ओळ असते, ‘महिला मंडळाचे सहकार्य लाभले’.

असं का होतं? समितीतले लोक वाईट नाहीत. मला यामागं एक अडचण दिसते, आणि ती शास्त्रातली आहे. मुनींसाठी म्हणून मुद्दाम केलेला आहार उद्दिष्ट ठरतो, तो दोष. श्रावकानं आपल्यासाठी शुद्ध रांधावं आणि त्यातलं मुनींना द्यावं, असा नियम. आता जैनांचं एकही घर नसलेल्या गावात आपण शाळेच्या खोलीत चौका लावतो तो कुणासाठी, हे सगळ्यांनाच कळतं. म्हणून लिहिणारा त्या खोलीपाशी आला की डोळे झाकतो आणि ‘निरंतराय’ लिहून पुढं सरकतो. त्याची अडचण मी समजू शकते, पण मला ती पटत नाही. उद्दिष्टाचा विचार आहार घेण्याच्या वेळचा. सहा महिन्यांनी छापलेल्या पानानं कुणाचा आहार दूषित होणार?

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे, १९४९ चं. मिळवून वाचा. भक्तीच्या लेखनात स्वयंपाक आणायचा नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तर वाचाच. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालतात, अभंग बरोबर म्हणतात, आणि चुली मात्र वेगळ्या, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. त्या स्वतः मराठा बायकांत जेवायला बसल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळ्या झाल्या. सोवळ्याचे नियम पाळणारी आपली बाई तसं करू शकणार नाही. तरी विहारात आपल्यालाही विहीर मिळते ती लिंगायताच्या नाहीतर मराठ्याच्या मळ्यातली, आणि आहार उरकल्यावर उरलेलं जेवतात शाळेतली सगळ्या जातींची पोरं. हे आपल्या वृत्तांतात यायला काय हरकत होती?

नर्मदा परिक्रमेवरची पुस्तकं घ्या. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे, बाईनं लिहिलेलं भारती ठाकूर यांचं ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ आहे. तिथं चालणाराच लिहितो, म्हणून सदावर्त देणारा हात त्याला आठवतो. आपल्याकडं चालणारे महाराज. कुणाच्या हातचा घास घेतला हे त्यांनी आठवायचं नसतं, तो त्यांचा धर्मच आहे. पण समितीच्या सेक्रेटरीनं कुठली दीक्षा घेतलीय?

त्यामुळं विहारावरचं मी वाचलेलं सगळ्यात चांगलं लेखन छापलेलं नाही. आमच्या नात्यातल्या एका काकूंची ती वही आहे. तंबाखूच्या अडतीतलं जुनं खातं, त्याच्या कोऱ्या पानांवर निपाणी ते श्रवणबेळगोळ अशी वाट उतरवलेली, २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला निघालेल्या संघाबरोबरची. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, हुबळीच्या पुढं कन्नडच जास्त. स्तवनिधीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, बेळगाव, कित्तूर, धारवाड. प्रत्येक गावापुढं विहीर कुठं, चढ-उतार किती, शाळेची किल्ली कुणाकडं, बायकांना आडोसा आहे का, दूध कुणाचं. चारजणींच्या कामाला काकू नेहमी पाच नावं लिहितात, कारण एकीची अडचण येणारच. निघण्याच्या आधीच्या महिन्याची पानंही आहेत: रोज पहाटे किती चाललो, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला पाठवायचं नाही. हायवेवर रांगेच्या पुढं नि मागं झेंडा घेऊन माणूस हवा, अंधार असेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, हे खाली दोन रेघा मारून लिहिलंय. विहारात गाडीची धडक बसून साधू-साध्वी गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

वहीत उणं आहेच. आर्यिका माताजींबद्दल काकू फार थोडं लिहितात. संघात माताजी होत्या, त्या एका साडीवर, अनवाणी, तेवढंच अंतर चालत होत्या. त्यांना काय जड गेलं हे काकूंनी विचारलं नसेल, किंवा विचारून लिहिलं नसेल. विद्यासागर महाराजांच्या आई श्रीमंती पुढं आर्यिका समयमती झाल्या. आधी चूल सांभाळली, मग वाट धरली. अशा बाईनं दोन्ही बाजूंनी बघितलेला विहार मला वाचायला हवा आहे. तो लिहिणारी अजून मला भेटलेली नाही.

काकूंच्या वहीच्या झेरॉक्स आता फिरताहेत. परवा एक प्रत माझ्याकडं परत आली तेव्हा एका गावापुढं दुसऱ्याच हातानं, निळ्या पेननं लिहिलेलं होतं की ती विहीर बुजवली, बोअरचं पाणी चालणार नाही, पुढची विहीर दोन किलोमीटरवर आहे, टेम्पो तिथंपर्यंत जातो.