दुपारचं लग्न, संध्याकाळचा पडदा

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे त्याची लांबी फार तर चार मिनिटं असते. त्याचा मोठ्या पडद्यावर एकच खेळ होतो आणि त्यातले नटच त्याचे प्रेक्षक असतात. दुपारी लग्न लागतं आणि संध्याकाळी रिसेप्शनला स्टेजशेजारच्या एलईडी वॉलवर तेच लग्न दिसतं. ‘सेम डे एडिट’. जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांतही आता हे आलंय. समीक्षक याला सिनेमा मानत नाहीत. मी मानतो, म्हणून त्याच्याकडून सिनेमाची अपेक्षाही करतो.

आधी काम कसं चालतं ते बघा. अक्षता पडल्या की कॅमेऱ्यातून कार्ड निघतं. मंगल कार्यालयाच्या एखाद्या खोलीत, आहेराच्या पिशव्यांशेजारी, एडिटर लॅपटॉप मांडून बसलेला असतो. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तरी ६४ जीबीचं कार्ड उतरवायला दहा-अकरा मिनिटं जातात, आणि कार्डं तीन-चार. बाहेर मे महिन्याचं खान्देशी ऊन, लाइटचा भरवसा नाही. म्हणून हळदीचे शॉट त्यानं रात्रीच लावलेले असतात. गाणं ठरलेलं, ठेक्यावर खुणा केलेल्या. अंतरपाट, हार, सप्तपदी एवढ्याच जागा रिकाम्या. त्या भरल्या की फिल्म तयार. कुणी याला कारखाना म्हणेल. मला यात कसब दिसतं.

आणि या भागाला ते नवं नाही. शेजारच्या मालेगावात नासिर शेख लग्नांचं शूटिंग करायचे, व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्याच हातांनी त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटानं ती मंडळी जगापुढे आणली. मालेगावच्या त्या सिनेमात माणसं आपापल्या बोलीत बोलतात. हसू येतं ते त्यामुळेच.

आता माझी तक्रार. लग्नाच्या या फिल्ममध्ये कुणी बोलतच नाही! तोंडं हलतात, आवाज नाही. वर एक हिंदी सिनेमातलं गाणं. कारण साधं आहे: चित्र नजरेनं झरझर निवडता येतं, आवाज मात्र पूर्ण ऐकावा लागतो. त्यात स्लो मोशन. त्या मोडमध्ये बरेच कॅमेरे आवाज टिपतच नाहीत. म्हणजे हळद लावताना आजी अहिराणीतून गात होती, तो शॉट सुंदर येतो, गाणं मुळातच गेलेलं असतं. पडद्यावर दिसते ती कुठल्याही गावची आजी. शहादा, चोपडा, इंदूर, काहीही म्हणा.

हे नुकसान लहान नाही. बहिणाबाई चौधरींचंच बघा. आसोद्याची ही बाई, लिहिता-वाचता न येणारी. तिची गाणी उरली, कारण घरातल्या कुणीतरी ती ऐकून उतरवून घेतली. सोपानदेवांमुळे आणि अत्र्यांमुळे १९५२ साली त्यांचं पुस्तक आलं. आज त्याच जिल्ह्यात, त्याच वयाच्या बायकांपुढे आपण महागडे कॅमेरे धरतो आणि माइक बंद ठेवतो.

एडिटर म्हणतील, ‘सर, पार्टीला गाणंच पाहिजे. वेळ कुठंय?’ पार्टी म्हणजे पैसे देणारे यजमान. त्यांचं खरं आहे. संध्याकाळी येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांना फक्त स्वतःचा चेहरा शोधायचा असतो, तो दिसला की ते खूश. पण मी चार मिनिटं आवाज मागत नाहीये, वीस सेकंद मागतोय. हळद आदल्या रात्रीची असते, तेव्हा घाई नसते. डीजे सुरू व्हायच्या आधी एक छोटा रेकॉर्डर बायकांच्या घोळक्यात ठेवा. एक शॉट साध्या वेगात घ्या. फिल्म त्या आवाजावर उघडा आणि मग वाजवा तुमचं गाणं. मांडवातल्या गोंगाटात ते ऐकू जाईल का, अशी शंका कुणीतरी काढणारच. ऐकू जाईल, कारण आपल्या घरच्या बाईचा आवाज आला की अर्धा मांडव वळून बघतो.

बरं, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत कुणीतरी केव्हाचा हात वर केलाय, बोला दादा.