‘हुशार’, ‘शहाणा’ आणि ‘स्मार्ट’ : बुद्धिवाचक शब्दांच्या अर्थच्छटा

दोन भाषांतील शब्द एकमेकांसमोर मांडून अर्थ सांगण्याची पद्धत सोयीची असली, तरी विशेषणांच्या बाबतीत ती फार दूरवर नेत नाही. स्मार्ट, क्लेव्हर, इंटेलिजंट, वाइज, श्रूड आणि कनिंग या सहा इंग्रजी शब्दांपुढे ‘हुशार’ हा एकच मराठी शब्द लिहून मोकळे होण्याची सवय महाविद्यालयीन वर्गांत सहज आढळते. जळगाव व धुळे या जिल्ह्यांत तिचे परिणाम अधिक जाणवतात. कारण घरी अहिराणी किंवा लेवा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन पातळ्यांवर येथील विद्यार्थ्याला वावरावे लागते. एका शब्दावर सारा भार टाकला की तिन्ही पातळ्यांवरील भेद एकाच वेळी पुसले जातात.

इंग्रजी शब्दांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘स्मार्ट’ या शब्दाच्या मुळाशी झोंबणे, ठणकणे हा अर्थ आहे. बोचरेपणातून चपळाई, चपळाईतून टापटीप आणि बुद्धीची तरतरी असा त्याचा प्रवास झाला. ‘कुशाग्र’ या संस्कृत शब्दातही गवताच्या पात्याचे तीक्ष्ण टोकच कल्पिलेले आहे. ‘कनिंग’ हा शब्द ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूपासून निघून कपटापर्यंत घसरला. उलट ‘श्रूड’ हा दुष्टतेच्या अर्थापासून सुरू होऊन व्यवहारातील मार्मिक जाणतेपणापर्यंत चढला. यावरून असे दिसते की, बुद्धिवाचक शब्द बुद्धीचे केवळ प्रमाण सांगत नाहीत. त्या बुद्धीविषयी समाजाला आदर वाटतो की भय, हेही सांगतात.

मराठीतील ‘हुशार’ हा फारसी ‘होश्यार’ या शब्दापासून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान आहे. मूळचा सावधपणाचा अर्थ ‘हुशार राहा’ या प्रयोगात टिकून आहे. आजारातून उठलेल्या माणसाला ‘हुशारी वाटू लागली’ असे म्हणतात, तेव्हा तेथे विद्येचा संबंध नसून तरतरीचा असतो. शाळेने मात्र हा शब्द गुणपत्रिकेला बांधून टाकला. ‘हुशार मुलगा’ म्हणजे अधिक गुण मिळविणारा, हा अर्थ आज इतका दृढ झाला आहे की, बैलाचे दुखणे चालीवरून ओळखणाऱ्या मुलाला तो शब्द लावताना वर्गात संकोच वाटतो.

‘शहाणा’ या शब्दाची गती निराळी आहे. हिंदीतील ‘सयाना’ हा त्याचा सगोत्र असून त्यात वयात आलेला, जाणता हा भाव आहे. पेशवाईतील ‘साडेतीन शहाणे’ म्हणून जी नावे सांगितली जातात, त्यांत सखारामबापू बोकील पुण्याचे, देवाजीपंत चोरघडे नागपूरकर भोसल्यांचे, तर विठ्ठल सुंदर निजामाचे. उरलेले अर्धे नाना फडणवीस. ते मुत्सद्दी होते, पण तलवारबहाद्दर नव्हते, असा त्याचा खुलासा करतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शत्रूच्या दरबारातील माणसालाही ‘शहाणा’ ही पदवी नाकारली गेली नाही. तोच शब्द रोजच्या बोलण्यात उपरोधाकडे झुकतो. ‘दीडशहाणा’ आणि ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ यांत शहाणपणाच्या अतिरेकाची थट्टा आहे. ‘शहाणं बाळ’ यात कौतुक आहे. बरोबरीच्या माणसाला ‘तू फार शाना’ म्हटले की भांडणाची सुरुवात होते. अर्थ ठरतो तो कोण, कोणाला आणि कोणत्या सुरात म्हणतो यावरून. अलीकडे या उपरोधासाठी मराठी बोलण्यात ‘ओव्हरस्मार्ट’ हा शब्द रुळला आहे. त्याचे अंतरंग ‘दीडशहाण्या’चेच आहे.

‘चतुर’, ‘चाणाक्ष’, ‘धोरणी’, ‘बेरकी’, ‘धूर्त’ या शब्दांत भेदाचे आणखी एक तत्त्व दिसते, ते म्हणजे बुद्धीचा लाभ कोणाला होतो. आपल्या बाजूचा वकील चाणाक्ष असतो; प्रतिपक्षाचा तेवढ्याच बुद्धीचा वकील धूर्त ठरतो. केळीचा भाव पाडणारा व्यापारी शेतकऱ्याच्या तोंडी ‘बेरकी’ असतो आणि स्वतःच्या घरी ‘व्यवहारचतुर’. संस्कृतात ‘धूर्त’ म्हणजे लबाड, जुगारी. मराठीत राजकारणी पुरुषाच्या वर्णनात त्याला कौतुकाची किनार येते, हेही विसरता येत नाही.

मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. या कोशांचे ऋण मोठे आहे. परंतु कोशातील पर्यायांची रांग वाचकाला अर्थ समजण्यापुरती पुरते. लिहिणाऱ्याला निवड करण्यासाठी ती पुरत नाही. दोष कोशकारांचा नसून त्या रांगेलाच अर्थविचार मानणाऱ्या अध्यापनाचा आहे.

या उणिवेची खरी कसोटी बहिणाबाई चौधरी यांच्या संदर्भात लागते. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या आणि १९५१ साली निधन पावलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली. त्यांचे वर्णन करू गेल्यास ‘विदुषी’ म्हणता येत नाही, कारण त्या शब्दाला ग्रंथविद्या लागते. ‘हुशार’ शाळेकडे ओढतो. ‘शहाणी’ हा शब्द लहान मुलीला शोभतो. प्रौढ स्त्रीला लावला की त्यात टोमणा ऐकू येतो. ‘प्रतिभावंत’ कवित्वाला पुरेसा आहे, जगण्यातून आलेल्या विवेकाला नाही. इंग्रजीत ‘वाइज’ म्हणून जी जागा सहज भरते, ती मराठीत निरक्षर स्त्रीसाठी जवळजवळ रिकामी राहते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले, तेव्हा पदवीवाचून असलेले ज्ञान पदवी देणाऱ्या संस्थेच्या नावात आले. रोजच्या शब्दांत त्याला अद्याप स्थान मिळालेले नाही.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश १९०७ च्या खंडात भिल्ल भाषांसमवेत झाला, आणि तेव्हापासून तिच्या वर्गीकरणाची चर्चा पुष्कळ झाली. अर्थच्छटांचा शोध त्या मानाने मागे राहिला. बुद्धिवाचक प्रत्येक शब्दाची नोंद वक्ता, श्रोता, लाभ आणि सूर या चार अंगांनी प्रत्यक्ष बोलण्यातून केली, तर खानदेशातील माणसे कोणत्या बुद्धीला मान देतात आणि कोणत्या बुद्धीपासून सावध राहतात, हे कळू शकेल. ज्या विद्यार्थ्याला शाळेने ‘हुशार’ म्हटले नाही, त्याच्या बुद्धीला कोणते नाव आहे, हा प्रश्नही त्या नोंदीतूनच सुटण्याजोगा आहे.