बसलेले झाड

गेल्या पावसाळ्यात भुईगावच्या शाळेत बालकवींची ‘औदुंबर’ शिकवीत होतो. एका मुलाने विचारले, ‘‘सर, झाड कधी बसतं का?’’ वर्ग हसला. मला मात्र उत्तर सुचेना.

घरी येऊन ती आठ ओळींची कविता पुन्हा वाचली. झरा वाहतो आहे, पायवाट चालली आहे. हिरव्यागार रानातून नजर हळूहळू काळ्या डोहाकडे उतरते, आणि शेवटी एकटे झाड तेवढे बसलेले दिसते. सबंध कवितेत माणूस नाही, ‘मी’ नाही, दुःख हा शब्दही नाही. तरी वाचणाऱ्याचा जीव जड होतो.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली धरणगावी जन्मले आणि ५ मे १९१८ रोजी भादलीला रेल्वेच्या अपघातात गेले. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या याच कवीने ‘उदासीनता’ही लिहिली. मनाची खिन्नता येते कोठून हेच कळत नाही, हे तिचे गाऱ्हाणे. अशी कारणावाचून ठाण मांडून बसणारी खिन्नता आजार असू शकते, असे आज डॉक्टर सांगतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कवीची नाडी पाहण्याचा अधिकार मला नाही. मी सांगू शकतो ते माझेच.

तीन वर्षांपूर्वी मीही त्या डोहाकाठी बसलो होतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महिनाभर कपाटातच ठेवल्या. दुःख गेले तर लेखणीही जाईल, ही भीती! शेवटी बायको म्हणाली, ‘‘अहो, सहा महिन्यांत एक तरी ओळ लिहिलीत का?’’ लिहिली नव्हती. गोळ्या सुरू केल्या. अडलेली कादंबरी पुढच्या वर्षी पुरी झाली.

म्हणून वाटते, आजार शैली देत नाही. नजर कोठे खिळावी, एवढे फार तर तो ठरवतो. रंग निवडणे, ‘मी’ गाळणे, आठव्या ओळीला थांबणे, हे जागत्या मनाचे काम. ‘उदासीनता’मध्ये कवी दुःख सांगतो, ‘औदुंबर’मध्ये त्याला बसायला जागा देतो. मला दुसरी कविता थोर वाटते ती यासाठी.

दुसऱ्या दिवशी मुलांना गावच्या बावखलावर, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यावर, नेले. काठच्या उंबराची मुळे पाण्यात उतरली होती. तो मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘सर, बसलंय खरं.’’