बसायची जागा

दलित आत्मचरित्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतली दाहकता, त्यांची बोली, त्यांतला विद्रोह यांची मोजमापे विद्वानांनी घेतली आहेत, आणि त्या वाटेला माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने जाऊ नये हेच बरे. परंतु एक गोष्ट मला नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. ही पुस्तके शाळेविषयीची पुस्तकेही आहेत, हे कोणी फारसे ध्यानात घेत नाही. मूल कोठे बसले, पाणी कोणी ओतले, डब्याच्या वेळी कोण कोणाजवळून उठून गेले, या गोष्टी त्यांत जितक्या चोख आल्या आहेत, तितक्या अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत मला आढळल्या नाहीत. आमच्या ज्या कथा-कादंबऱ्यांत मास्तर हाच नायक असतो, त्यांतही त्या क्वचितच आढळतात. दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट समोर असता, हे काय काढले, असे वाचक म्हणतील. पण विषय ताटाचा आणि पंगतीचाच आहे, हे पुढे दिसेल.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माझी फार आवडती कादंबरी. धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो आणि शाळा भरवू लागतो, एवढीच गोष्ट. पुस्तक मिटल्यावर कारभारी आठवतो, दुष्काळ आठवतो, ओस पडलेली वाडी तर डोळ्यांपुढून हलत नाही. शाळेतली मुले मात्र एकेकटी आठवत नाहीत. हा दोष म्हणून मी सांगत नाही. माडगूळकरांना गाव लिहायचे होते, आणि ते त्यांनी असे लिहिले की आम्ही सारे मास्तर त्या वाडीवर एकदा राहून आलो आहोत.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. ‘श्यामची आई’तले (१९३५) ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण घ्या. एका म्हातारीची मोळी खाली पडली आहे. ती महारीण, म्हणून तिला कोणी हात लावीत नाही. आई श्यामला पाठविते, मोळी उचलून दे म्हणते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर असेही म्हणते. ही आंघोळ पुष्कळांना खटकते. गोष्ट मुलांना सांगताना ती हळूच गाळणारे मी ऐकले आहेत. मला तर गुरुजींचा प्रामाणिकपणा त्या आंघोळीतच दिसतो. आपल्या आईची माया कोठवर पोचली आणि कोठे थांबली, हे त्यांनी लपविले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणाला बसले ते हेच गुरुजी. तरीही हे प्रकरण मोळी उचलून देणाऱ्याचे आहे. ती म्हातारी घरी जाऊन काय म्हणाली असेल, ते त्यात यायचे नव्हते.

ते दुसऱ्या बाजूने लिहावे लागते. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजीतले लहानसे आत्मकथन १९९० साली पुस्तकरूपाने छापले गेले. त्यात त्यांच्या लहानपणच्या शाळेची हकीगत आहे. ज्या गोणपाटावर मुलाने बसायचे, ते त्याने रोज घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवायचा नाही. नळ शिपायाने सोडायचा; शिपाई नसला की पाणी नाही. या मुलाला शाळेत प्रवेश मिळालेला होता, हे येथे विसरता येत नाही. हजेरीपटावर नाव होते, कागदोपत्री काही उणे नव्हते. बाबासाहेब या भागात आवाज चढवीत नाहीत. पंचनाम्यात लिहावे तसे गोणपाट, नळ, शिपाई एवढेच लिहितात, आणि वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून साऱ्या मुलांना एका शाळेत घेण्याचा हुकूम काढला, त्याचे मोल हे चार परिच्छेद वाचल्यावर मला नीट कळले.

पण या साऱ्या पुस्तकांत माझे मन अधिक गुंतले ते उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३). काळ पुढचा, स्थळ रत्नागिरीकडचे. आई बांबूची आयदाने विणून घर चालविते. गुरुजी या मुलीला शेण काढायला लावतात. ती नाही म्हणते, आणि मार खाते. मग तिची आई त्या गुरुजींना रस्त्यात गाठून जाब विचारते. हा प्रसंग पुष्कळांनी वाखाणला आहे, आणि तो आहेही तसाच. मला मात्र त्याहून थोर वाटतो तो मुलींच्या जेवणाचा प्रसंग. वर्गातल्या मुली मिळून रांधायचे ठरवितात. कोणी काय आणायचे ते ठरते. आपण काय आणू, असे ही विचारते, तेव्हा तिने धान्य आणायचे नाही, पैसे आणायचे, असे तिला सांगतात. स्वयंपाकात कशाला हात लावायचा नाही. ती जेवते, पोटभर जेवते. आणि पुढे ती किती जेवली याचीच चर्चा होते.

येथे कोणी कोणाला हाकलून दिले नाही. शिवी नाही, छडी नाही. तिला बोलावले, वाढले, तिची वर्गणीही घेतली. पैशाला विटाळ नाही आणि तांदळाला आहे, हे गणित त्या पोरींना कोणत्या इयत्तेत शिकविले होते? लेखिका यावर भाष्य करीत बसत नाही. किंचित हसते आणि पुढे जाते. हे हसू कडू आहे, पण खोटे नाही. लहान मुलीला त्या जेवणाची चव खरोखरच आवडली होती, हे ती नाकारीत नाही. एखाद्या कमी दर्जाच्या लेखकाने तिला उपाशी उठविले असते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) जागेचा प्रश्न निराळाच होतो, कारण कैकाड्याचे बिऱ्हाड गाढवांवरून हिंडते आणि शाळा गावागणिक बदलते. बाप हट्टाने पोराला शाळेत घालतो, तर त्याची जातच त्याच्या आड येते. त्या बापावर एक स्वतंत्र कादंबरी व्हायला हवी होती.

त्याच जमातीतल्या मुलाची कथा नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात आहे. शाळेच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी रंगविलेल्या आणि त्यांच्यासमोरून मारलेले डुक्कर वाहून नेले जात आहे, या दृश्याची फार वाहवा झाली. मला ते थोडे मांडून ठेवल्यासारखे वाटते. डुकरामागे धावता धावता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, तो क्षण मी अधिक मानतो. गीत शाळेतले आहे आणि मुलगा शाळेबाहेर उभा आहे. त्यावर बोट ठेवून दाखविण्याची गरज दिग्दर्शकाला वाटलेली नाही.

आता माझी तक्रार. आमच्या बालवाङ्मयात गरीब वस्तीतले मूल आले की ते हटकून हुशार असते. शेवटच्या पानावर त्याचा पहिला नंबर येतो, श्रीमंताचा मुलगा त्याला मिठी मारतो, गुरुजींचे डोळे पाणावतात. पहिला नंबर आला नसता तर मिठी मिळाली असती की नाही, ते लेखक सांगत नाही. माझ्या वर्गात पहिला नंबर एकाचाच येतो, आणि डबा साठ मुलांनी खायचा असतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतल्या प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेजवळच्या खाजगी शाळांना त्यातून वगळले, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरविला. वर्तमानपत्रांनी हे सारे छापले. पण त्या २५ टक्क्यांतल्या मुलावर लिहिलेली कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. सहलीची वर्गणी, वाढदिवसाचे आमंत्रण, पालकसभेत मागच्या बाकावर बसलेली आई, एवढा ऐवज तर समोर पडला आहे. कोणी तरुण लेखकाने ती लिहावी. फक्त तो मुलगा हुशार नसावा. गणितात त्याला चाळीस गुण पडावेत, शेजारच्या मुलाशी पेन्सिलीवरून त्याची मारामारी व्हावी, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच डब्यातली चकली मोडून खावी.