मोजपट्टी आणि चाक

‘युगान्त’मुळे इरावती कर्वे मराठी वाचकाला परिचित आहेत, पण त्यांनी आयुष्यभर केलेले माणसांची शरीरे मोजण्याचे काम आपण क्वचितच चिकित्सेने वाचतो. त्यांचा सर्वांत धीट सिद्धान्त याच कामावर उभा आहे.

या कामाची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी, आणि त्या वाटेने बुद्धीशी, संबंध असावा अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले. गुरूच्या अपेक्षेपेक्षा मोजमाप मोठे, हा त्यांचा बाणा.

पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी हीच मोजपट्टी जातीला लावली. गो. स. घुर्ये यांच्या मते मोठी जात फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी ‘हिंदू सोसायटी’ (१९६१) या ग्रंथात उलट मांडणी केली : वेगवेगळे अंतर्विवाही गट आधीपासूनच होते, समान धंदा किंवा दर्जा यांमुळे ते एका नावाखाली आले. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. त्यामागचा प्रश्न तोच होता : नाव एक, दर्जा एक; पण माणसे एकाच मुळाची आहेत का?

इथे एक दुवा निसटतो. दोन गट आज शरीराने भिन्न आहेत, म्हणजे ते कधीच एक नव्हते, असे सिद्ध होत नाही. मूठभर कुटुंबे फुटून निघाली आणि शतकानुशतके आपसांतच लग्ने करीत राहिली, तरी भेद वाढतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय जनुकीय अभ्यासात अनेक गटांत अशा थोड्या पूर्वजांच्या खुणा आढळल्या. भेद हे अंतर्विवाहाचे कारण नसून त्याचे फळही असू शकते. शिवाय उंची-बांध्यावर आहाराचाही हात असतो.

मग सिद्धान्त कोसळतो का? नाही, त्याचा भक्कम आधार दुसरीकडे आहे. महाराष्ट्रातील कुंभारांत थोरचाके, लहानचाके असे गट आहेत. चाक वेगळे, ते फिरवण्याची रीत वेगळी, आणि बेटीव्यवहार नाही. एका जातीच्या नावाखाली निरनिराळे कसब नांदते, हा पुरावा इरावतीबाईंच्या क्षेत्रकार्यातला आहे. तो कवटीच्या सरासरीपेक्षा अधिक बोलका आहे.

आजही हा प्रश्न शिळा झालेला नाही. २०१३ साली ७३ गटांच्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी उपखंडात मोठी सरमिसळ झाली आणि नंतर अंतर्विवाहाचे कुंपण पडले. तिथेही नमुन्यांची वर्गवारी जाती-जमातींच्या नावांनीच होती. जातीचे नाव लावून गोळा केलेले रक्त जातीचाच भेद दाखवणार. तो सनातन आहे असा अर्थ काढणारे आपण असतो. बर्लिनमधल्या इरावतीबाईंनी गृहीतकाला जी शंका विचारली, ती पुण्यातल्या इरावतीबाईंना आणि आजच्या प्रयोगशाळेलाही विचारणे, हाच त्यांच्या वारशाचा सन्मान.