दुसऱ्यांदा आलेले भूत

नरकासुर दरवर्षी मरतो. चतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणे लावून थंडीत कुडकुडत असताना, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे आणि असुराचा वध झाला असे समजायचे, हा परिपाठ ज्या घरांत आहे, त्यांना पक्के ठाऊक असते की पुढल्या वर्षी हाच असुर याच मोरीच्या दारात पुन्हा हजर होणार आहे. त्याचा कोणाला कंटाळा येत नाही. पण त्याची कोणाला भीतीही वाटत नाही. पोरांचे लक्ष फटाक्यांकडे आणि मोठ्यांचे फराळाकडे लागलेले असते. भयपटांच्या पुढल्या भागांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले, तेव्हा प्रथम आठवला तो हा नरकासुर. पुन्हा पुन्हा मारला गेलेला राक्षस सणाचा होतो, घरचा होतो. मग जे चित्रपट केवळ भयाच्या भांडवलावर उभे राहिले, त्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या भागात उरते तरी काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. भयानक रसाला आपल्या शास्त्रकारांनी नवरसांत मानाचे पान मांडले. आम्ही मात्र ते पान दाराशी वाढले. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून फाटेपर्यंत वाचली गेली. परंतु वाचणारा ती उशीखाली ठेवी आणि पाहुणे आले की टेबलावर दुसरे पुस्तक मांडी. चित्रपटांची गत याहून निराळी नाही. भुताचा चित्रपट सगळे घर मिळून पाहते आणि त्यावर गंभीरपणे बोलायचे म्हटले की सगळे घर हसते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ते एकच, आणि तेही सर्वांच्या तोंडी असलेले. १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. त्यातील तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि मग पुन्हा मनुष्यदेह मिळवण्यासाठी लक्ष्याच्या पाठीस लागतो. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाची, हे उघड आहे. तिथेही मरणारा खुनी खेळण्यात शिरतो. तिथेही ज्याला त्याने आपले खरे रूप प्रथम सांगितले त्याच्याच देहात त्याला जाता येते. उसनवारीबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावे. धारपांनीही स्टीफन किंगच्या कादंबऱ्यांवरून ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ लिहिल्याच. बी कोणाच्या शेतातून आणले यापेक्षा ते आपल्या जमिनीत कसे उगवले, हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

आणि इथे ते फार निराळे उगवले. अमेरिकन चित्रपटातील बळी सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याचे कोणी खरे मानीत नाही, कारण तो मूल आहे. मराठी चित्रपटात त्या जागी लक्ष्या बोलके आला. हा थोराड, भोळा माणूस बोलक्या बाहुल्यांचे खेळ करतो. बाहुलीला बोलते करणे हाच ज्याचा छंद, त्याने छातीवर हात मारून सांगितले की, ‘बाहुला आपणहून बोलला हो!’ तर कोण विश्वास ठेवील? शब्दभ्रमकाराचे सारे कौशल्य आपला आवाज दुसऱ्याचा भासवण्यात असते. लक्ष्यावर संकट येते ते नेमके उलटे, दुसऱ्याचा आवाज त्याचा मानला जातो. रामदास पाध्ये यांनी तो बाहुला घडवला, आणि पाध्ये म्हटले की मराठी घराला अर्धवटराव आठवतो. ज्या बाहुल्याने आमच्या आधीच्या पिढीला हसवले, त्याच कुळीचा हा बाहुला सुरा घेऊन उठला. परदेशी कल्पनेला मिळालेले हे घरचे मूळ. दिलीप प्रभावळकरांचा आवाज, लक्ष्मीकांत बेर्डे यांची ती गाळण उडालेली चर्या आणि आईच्या भूमिकेतील मधू कांबीकर, एवढ्या सामग्रीवर चित्र उभे राहते. पटकथेत ढिलाई नाही असे नव्हे. पोलीस ठाण्यातला विनोद मधूनमधून लांबतो, गाणी कथेचा हात सोडून जातात. पण तात्याला काय हवे आहे हे आपण क्षणभरही विसरत नाही. त्याला देह हवा आहे, आणि तोही लक्ष्याचाच.

माझ्या मते भयपटाची सगळी मेख इथे आहे. भुताला काहीतरी हवे असावे लागते. आपल्या खेड्यांतील भुते बघा. मुंजा सोडमुंजीआधी मेलेला, म्हणून लग्नाला आसुसलेला. हडळ बाळंतपणात गेलेली, म्हणून लेकराभोवती घुटमळणारी. वाट चुकवणाऱ्या चकव्यालाही वाटसरू हवा असतो. या मागण्या माणसांच्याच आहेत, अपुऱ्या राहिलेल्या. म्हणून त्या अंगावर येतात. ज्याला काहीच नको, केवळ येऊन ‘भो’ करायचे आहे, त्याला पोरेसुद्धा दोनदा भीत नाहीत.

वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ आला. लक्ष्याचा मुलगा आदित्य मोठा झालेला, आणि तात्या पुन्हा जागा झालेला. बेर्डे २००४ च्या डिसेंबरातच गेले होते. चित्रपट त्रिमितीत काढला होता आणि त्याचा गवगवाही बराच झाला. डोळ्यांवर चष्मा चढवून माणसे बसली, बाहुला पडद्यातून बाहेर झेपावला, पोरांनी आरोळ्या ठोकल्या. पण त्या आरोळ्या भीतीच्या नव्हत्या, स्वागताच्या होत्या. वीस वर्षांत दूरदर्शन संचावर पुन्हा पुन्हा दिसून तात्या विंचू हा घरचा माणूस झाला होता. आज माझ्या वर्गातील पोरे, जी १९९३ मध्ये जन्मलीही नव्हती, मधल्या सुटीत त्याचा मंत्र म्हणून एकमेकांच्या अंगात शिरतात. ज्याच्या येण्याची वाट आपण शिट्ट्या मारून पाहतो, त्याला भिणार कसे? दिग्दर्शकाला हे कळले नसेल असे म्हणवत नाही. तो कसबी माणूस आहे. परंतु त्याने उपाय शोधला तो डोळ्यांचा. भीती जवळ आणण्यासाठी बाहुला जवळ आणला. रामसे बंधूंनीही १९८४ च्या ‘पुराना मंदिर’च्या यशानंतर दुसऱ्याच वर्षी सामरीला त्रिमितीत उभे केले होते, अवघड जागी सापडलेल्या भयपटाला तिसरी मिती फार लवकर आठवते.

हॉलिवुडात ही वाट आधीच तुडवलेली आहे. बोरिस कार्लॉफने १९३१ मध्ये उभा केलेला फ्रँकेनस्टाइनचा राक्षस सतरा वर्षांत अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विदूषकांच्या जोडीबरोबर पकडापकडी खेळू लागला. मात्र मध्ये, १९३५ साली, जेम्स व्हेलचा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ होऊन गेला, आणि तो पहिल्याहून सरस आहे असे मानणाऱ्यांपैकी मी एक. कारण साधे आहे. पहिल्या भागात मुक्या असलेल्या राक्षसाला इथे वाचा फुटते आणि तो सोबतीण मागतो. मागणी मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतलीच. पण चित्रपट तिला पुढे नेतो. सोबतीण तयार होते, डोळे उघडते आणि त्याला पाहून किंचाळते. त्या किंकाळीनंतर राक्षसाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहिल्यावर त्याला राक्षस म्हणणे जड जाते. दुसऱ्या भागाने भुताला नवी मागणी दिली, म्हणून दुसरा भाग जगला.

‘एलियन’ची गोष्ट वेगळ्या मार्गाने तिथेच येते. रिडली स्कॉटच्या १९७९ च्या चित्रपटात अंतराळयानात सात माणसे आणि एकच प्राणी; आणि तोही फार थोडा वेळ दिसतो. जेम्स कॅमेरॉनने १९८६ मध्ये शीर्षकाला अनेकवचन लावले, प्राण्यांची पलटण उभी केली आणि समोर सैनिक दिले. भीती कमी झाली यात शंका नाही. पण त्याने मुळात भयपट काढलाच नाही. युद्धपट काढला, आणि त्याच्या गाभ्याशी एका अनाथ पोरीला वाचवणारी बाई आणि आपली अंडी राखणारी प्राण्यांची राणी, अशा दोन आया समोरासमोर उभ्या केल्या. पुढल्या भागांविषयी लिहावे असे मला काही सुचत नाही.

जपानचा गोजिरा, ज्याला जग गॉडझिला म्हणते, तो १९५४ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनीच्या अणुस्फोटाची राख जपानी मच्छीमारांच्या नावेवर पडली होती, आणि हिरोशिमाला नऊच वर्षे झाली होती. तो पशू म्हणजे एका देशाच्या उरातली धडधड होती. पुढे त्याच गोजिराला इतर पशूंशी कुस्त्या खेळायला लावले. तो पोरांचा लाडका झाला, जगाचा रक्षक झाला. नरकासुराचे कारीट झाले म्हणा ना! २०२३ मध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ काढणाऱ्यांनी शहाणपणा केला. त्यांनी कथा मागे, युद्धात होरपळलेल्या जपानात नेली आणि राक्षसाला त्याचे दुःख परत दिले.

मागे जाण्याची हीच युक्ती आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ने केली. २०१६ ची पहिली मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली होती. २०१९ च्या दुसऱ्या भागाने काळ उलटा फिरवून जिवंत अण्णा दाखवले आणि शेवंता आणली. भुताची भीती मागे पडली खरी. पण भूत कोणत्या पापातून होते, हे घरोघर रोज रात्री पाहिले गेले. २०२१ च्या तिसऱ्या भागात ती ओढ राहिली नाही.

थोडे विषयांतर होईल, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राहून भयावर लिहायचे आणि २०१८ साल वगळायचे, हे जमणार नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-वन ऊर्फ अवनी या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली गेली, त्यावरून देशभर वाद झाला, तो इथे उगाळत नाही. तो काळ कापूस वेचणीचा, आणि वेचणीला बाईमाणसाला वावरात जाणे भागच असते. त्या दिवसांत कोणाला शिट्टी मारावीशी वाटली नाही. वाघीण गेल्यावर तिचे दोन बछडे मागे राहिले, त्यातील मादी डिसेंबरात पकडली गेली. खऱ्या भयाचा दुसरा भाग असा असतो. त्याची जाहिरात होत नाही आणि तो नको म्हणून माणसे देव पाण्यात घालतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरात राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. भाषा हिंदी, पण माती, वाडा, पाऊस आणि हावरटपणा अस्सल आपला. मुळाशी धारपांची कथा आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेले. इथल्या हस्तराची मागणी किती साधी आहे पाहा. सोने त्याच्याजवळ आहे, अन्न नाही; त्याला पीठ हवे आहे. म्हणून विनायक कणकेची बाहुली आमिष म्हणून नेतो आणि हस्तर ती खाईपर्यंत मोहरा लुटून पळतो. दर खेपेस बाहुली एक. शेवटी त्याचा मुलगाच सुचवतो की एक कशाला, पुष्कळ नेऊ. नेतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर भिंतीतून उतरतात. तो प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहिला २०२४ मध्ये, चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा. पहिल्या खेपेहून अधिक गल्ला या दुसऱ्या खेपेत जमला, आणि त्याच सुमारास ‘तुंबाड’च्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली. ज्या चित्रपटाने एका बाहुलीच्या जागी दहा नेणाऱ्यांची गत दाखवली, त्याच चित्रपटापुढे आता हा मोह. शिवाय बर्वे त्यात नाहीत. पांडुरंग नावाचा तो पोर शेवटी बापाच्या हातचे सोने नाकारतो आणि त्याला अग्नी देतो. आता त्या गर्भात उतरायचे कोणी आणि कोणत्या भुकेने, याचे उत्तर ज्याला सापडेल त्याचा चित्रपट पाहायला मी पहिल्या दिवशी जाईन.

२०२४ चाच ‘मुंजा’ आदित्य सरपोतदारांचा. त्याची मागणीही ठसठशीत, म्हणून तो ठीक उभा राहतो. पण ‘स्त्री’, ‘भेडिया’ यांच्या गोतावळ्यात त्याला ओढल्यावर आता भुते एकमेकांच्या चित्रपटांत लग्नाला आल्यासारखी ये-जा करणार. आहेरही होईल!

राहता राहिला तात्या. ‘झपाटलेला’च्या तिसऱ्या भागाची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने पडद्यावर आणण्याची चर्चा सुरू झाली. लक्ष्याला पुन्हा पाहावे ही इच्छा कोणाला नाही? मलाही आहे. १९९३ साली ज्या घरांनी तो चित्रपट पाहिला, त्यांतली किती माणसे आज भिंतीवरच्या चौकटीत आहेत! पण जरा थांबून या बेताकडे पाहा. गेलेल्या माणसाचा चेहरा आणि आवाज घ्यायचा, तो एका नव्या पुतळीत घालायचा आणि तिला बोलते करायचे. हे काम पहिल्या चित्रपटात तात्या विंचू करीत होता. त्या पुतळीतल्या लक्ष्याने ‘मी बोलत नाही हो, हा बाहुला बोलतो आहे’ असे ओरडून सांगितले, तर त्या वेळी तरी आपण त्याचे ऐकणार आहोत का?